खाणवाल्यांचं छत

निनाद, ईरा,

गेल्या रविवारी फोनवर निनाद म्हणाला, की खाणकामाची पदवी हातात आली आणि आता पुढची काही वर्षं तो जमिनीखालचा खडक कितपत टिकतो यावर संशोधन करणार आहे. मागून ईराने विचारलं, "आजी, आपल्याकडे असलं काही कुणी केलंय का गं?" मी नाही म्हटलं. आपल्या घरात खरंच कुणी केलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर एक गृहस्थ आठवले, आणि त्यांच्याबद्दल फोनवर सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं असं वाटलं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून सोपं आणि क्रमाने लिहिते.

ते कुणाच्याही घरी आले की उंबऱ्यात थांबत आणि आधी वर पाहत. आपण पाट मांडावा, "या, बसा" म्हणावं, तर यांची मान मागे आणि नजर तुळईवर. डावीकडून उजवीकडे सगळे खण नजरेखालून गेले की मग माणसांकडे पाहत आणि नमस्कार करत. साताऱ्याच्या आमच्या पेठेत नव्या माणसांना हे उद्धटपणाचं वाटे. जुन्यांना सवय झाली होती. माझे वडील, म्हणजे नाना, तर त्यांना येताना पाहून आधीच म्हणत, "छत ठीक आहे, या."

पेठेत त्यांना सगळे खाणवाले म्हणत. मीही तेच म्हणते. त्यांनी पूर्वेकडे जाऊन खाणकामाची पदवी घेतली होती आणि काही काळ कोळशाच्या खाणीत नोकरीही केली होती. ती सोडून ते साताऱ्याला आईजवळ परत आले, तेव्हा महायुद्ध चालू होतं. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि साताऱ्यात तर एकही खाण नव्हती. खाण नसलेल्या गावात खाणकामाचा पदवीधर काय करणार, हा पेठेचा बरेच दिवस पुरलेला विषय होता.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे एक वाक्य. कशाबद्दलही मत विचारलं की ते म्हणत, "अजून सांगता येणार नाही." युद्ध कधी संपेल, यंदा पाऊस कसा होईल, हे प्रश्न तसे होतेच, पण चहात साखर बेताची आहे का यालाही तेच उत्तर. एकदा त्यांच्या आईने त्यांना वाईला मुलगी दाखवायला नेलं. परतल्यावर माझ्या आईने विचारलं, "मग, कशी वाटली मुलगी?"

"अजून सांगता येणार नाही," ते म्हणाले.

त्यांची आई तिथेच बसली होती. ती म्हणाली, "त्या मुलीच्या बापानेही हेच विचारलं हो. आणि यानेही हेच सांगितलं. पोह्यांची बशी हातात घेऊन."

पेठेतले लोक म्हणत, कोळशाच्या खाणीत यांनी एकदा 'काही धोका नाही' असं सांगितलं आणि त्याच जागी छत कोसळलं. तेव्हापासून हे असं बोलतात. गोष्ट पटण्यासारखी होती. मी त्यांच्या आईला विचारलं, तर तिने हात झटकला. "छे गं. हा पाळण्यापासून असाच. मी विचारायची, भूक लागली का रे? तर विचार करायचा."

आमचा संबंध आला तो इंग्रजीमुळे. मी सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे माझं लग्न ठरायचं होतं. त्यांना विद्यापीठात सादर करायचा प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता, आणि त्यांचं अक्षर त्यांनाही लागत नसे. नानांनी सुचवलं, की मुलीचं अक्षर चांगलं आहे आणि वेळही आहे. ओसरीवर बसायचं, दार उघडं ठेवायचं आणि घरात कुणीतरी असताना लिहायचं, असं ठरलं. आठवड्यातून दोन दुपारी ते यायचे, छत पाहायचे, बसायचे आणि सांगायचे. मी लिहून घ्यायची. त्यामुळे त्यांचं काम काय होतं ते मला बऱ्यापैकी समजलं. निनाद, तुला हे बाळबोध वाटेल, पण ईरासाठी लिहिते.

जमिनीत पोकळी केली की तिच्या वरचा खडक किंचित खाली वाकतो. पडण्याआधी तो किती वाकतो, कशा गतीने वाकतो, आणि त्यावरून तो पडणार हे आधी ओळखता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कोळशाच्या खाणीत हे पाहता येत नसे. तिथे छत जरा हललं की मॅनेजर लाकडाचे खांब लावून मोकळा होई. त्याचंही बरोबरच होतं, खाली माणसं असत. खाणवाल्यांना असं छत हवं होतं, की ज्याला कुणी टेकू दिलेला नाही, ज्याच्याखाली कुणी जात नाही, आणि जे आज ना उद्या पडणार आहे. त्याच्याखाली शांतपणे मोजमाप करत राहायचं, पडेपर्यंत. पडल्यावर प्रबंध पुरा.

"आणि पडताना तुम्ही खाली असलात तर?" मी एकदा विचारलं.

"तर शेवटचं मोजमाप तुम्हाला मिळणार नाही," ते म्हणाले. ते थट्टा करत होते की नाही ते कळलं नाही.

याच काळात माझ्या चुलतबहिणीचं लग्न सांगलीला झालं. खाणवाले आणि त्यांची आई आमच्याबरोबर आले होते. जेवणाच्या पंगतीत त्यांनी वर पाहिलं, आणि अर्धं जेवण झालेली एक अख्खी ओळ उठवून पलीकडच्या सोप्यात बसवली. मधल्या तुळईचा सांधा त्यांना बरा वाटेना. माणसं हातात पत्रावळ धरून, वरणभात सांडू न देता निघाली. व्याही रागावले. तुळई काही पडली नाही. ते घर पुढे पुष्कळ वर्षांनी पाडलं, तेव्हा ती काढायला मजुरांना फार कष्ट पडले असं बहीण मुद्दाम मला सांगायची.

दुसऱ्या दिवशी ते हरिपूरला हळदीची पेवं पाहायला गेले. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट केवढं तरी मोठं, वर नुसती माती, आधार कसला म्हणून नाही. कोंडलेली हवा जावी म्हणून रिकामं पेव आधी बराच वेळ उघडं ठेवतात, मगच आत उतरतात. खाणवाले उतरले ते वर येईनात. व्यापाऱ्याने वरून हाक मारली, "सायेब, लोक हळद बघाय येत्यात. तुमी मातीच बघताय व्हय?" वर आले तेव्हा कान पिवळे झाले होते. "छान आहे," ते म्हणाले, "पण माती आहे. खडक नाही." त्यांच्या तोंडून कशालाही छान म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं.

त्यांना हवं तसं छत शेवटी सापडलं ते वडूजजवळच्या एका गावात. तिथे ओढ्याकाठी जुनी, मोठी, दगडी पायऱ्यांची विहीर होती. तिचं पाणी कमी पडायला लागलं तेव्हा मागच्या कुठल्यातरी पिढीने तळातून आडवं भुयार खोदलं होतं, पाण्याचा माग काढत. तळाला तांबडा मातीसारखा मऊ थर, आणि वर काळा खडक. खोदायला सोपं म्हणून त्यांनी तांबड्या थरातून खोदलं, आणि काळा खडक आपोआप छत झाला. पुढे काही खोदणारे घाबरले आणि काम थांबलं. तेव्हापासून भुयार तसंच पडून होतं. वटवाघळं सोडून कुणी आत जात नसे. छताला मधोमध एक लांब चीर होती, आणि टेकू एकही नव्हता.

महिन्यातून एकदा ते वडूजला जाऊ लागले. छतात एक खिळा, खाली जमिनीत एक खिळा, आणि त्यांच्यामधलं अंतर, अशा जोड्या त्यांनी बसवल्या. कंदिलाच्या उजेडात चीर चटकन सापडावी म्हणून तिच्यावर आडव्या खुणा करायच्या होत्या. युद्धामुळे रंग मिळेना. मग वडूजच्या बाजारातून त्यांनी शेंदूर आणला, तेलात कालवला आणि बोटाने चिरेवर पट्टे ओढले. साधी सोय म्हणून केलेली ही गोष्ट. गावात वाढलेल्या माणसाच्या ती लगेच ध्यानात आली असती, पण ते साताऱ्याच्या पेठेत वाढलेले आणि डोक्यात दुसरंच चाललेलं. काळ्या दगडाला शेंदूर लावून आपण निघून जातो आहोत, म्हणजे मागे काय ठेवून जातो आहोत, हे त्यांना सुचलं नाही. शेंदराच्या खुणांबद्दलचं वाक्य मी इंग्रजीत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मलाही सुचलं नाही.

दोन पावसाळे मोजमाप चाललं. छत कणाकणाने वाकत होतं. माझ्या हाताखालून आकडे जात होते आणि ते वाढत होते हे मलाही दिसत होतं. मग तिसरा पाऊस आलाच नाही. वडूजकडच्या खटाव तालुक्याला अवर्षण नवीन नाही, पण त्या वर्षी ओढ्यातले झिरेसुद्धा आटले. त्या गावच्या बायका दोन कोसांवरून पाणी आणत. विहीर कोरडी ठाक होती.

अशा दिवसांत एका सकाळी खाणवाले नेहमीप्रमाणे भुयारात जाऊन विहिरीच्या पायऱ्या चढून वर आले, आणि त्यांच्या बुटांना ओला चिखल होता.

त्यांना त्याचं काही वाटलं नाही. भुयाराच्या टोकाला खडकातून थोडं पाणी झिरपतं हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. प्रबंधात त्याचा उल्लेखही होता, तांबड्या थराचा मऊपणा समजावून देताना. पण विहिरीच्या काठावर रिकामी घागर घेऊन बसलेल्या बायकांनी बूट पाहिले. पुढल्या महिन्यात ते गेले तेव्हा पायऱ्यांवर घागरींची रांग होती. आत, भुयाराच्या टोकाशी बसून एकेक बाई वाटीने पाणी भरत होती. आणि छताच्या चिरेवर शेंदराचा जाड थर चढला होता, त्यावर हळदकुंकू, खाली दोन नारळांच्या करवंट्या. खिळे कुठे गेले ते दिसेना.

ते साताऱ्याला परत आले आणि थेट आमच्याकडे आले. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलं नाही. "मी सांगून पाहिलं," ते नानांना म्हणाले. "त्या बायका माझ्याशी नीट बोलत नाहीत. पदर ओढून घेतात आणि हसतात. बायकांपैकी कुणी आलं तर." त्यांची आई यायला तयार होती. आईबरोबर मीही जावं असं ठरलं. नानांनी एवढंच विचारलं, "या दोघी आत उतरणार नाहीत ना?" खाणवाले म्हणाले, "माझी आई नाही." माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि नानांनी पुन्हा विचारलं नाही.

वडूजची मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालत असे. वर्धनगडाच्या घाटात सगळ्यांना उतरून चालावं लागे, आणि मोटार आपल्या मागून दम खात येई. वडूजपासून पुढे बैलगाडी. विहिरीवर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि बायका पायऱ्यांवर सावली धरून बसल्या होत्या. त्यांच्यात एक थोराड बाई होती, नाकात मोठी चमकी, सगळ्या तिला आक्का म्हणत. कुणाची घागर कुणाच्या मागे हे तीच ठरवी.

"ह्या कोण? मालकीनबाई व्हय?" तिने माझ्याकडे पाहून खाणवाल्यांच्या आईला विचारलं.

"नाही हो. शेजारची मुलगी. लिहिणारी आहे."

"बरं बरं. लिवा," आक्का मला म्हणाली.

मी तिला समजावून सांगितलं. छत वाकतं आहे, हे साहेब दोन वर्षं मोजताहेत, आत जाणं धोक्याचं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आवं सायेब, पडंल म्हणता, ते कवा पडंल?"

खाणवाल्यांनी खाली भुयाराच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अजून सांगता येणार नाही."

"मग सांगाय आलं की या," आक्का म्हणाली, आणि सगळ्या पायऱ्या हसल्या. "तुमी येताय म्हयन्यातनं एकदा. आमाला पाणी रोज लागतंय. आन् ती हाय की वर. ती आपल्या लेकीबाळींवर दगूड टाकंल व्हय?"

"आक्का, तो शेंदूर मी लावला आहे. खूण म्हणून."

"व्हय, तुमीच लावला. आमी कुटं न्हाई म्हंतोय?" ती शांतपणे म्हणाली. "पर तुमी नुसता हात लावला. लावून घेनारी ती. न्हाईतर येवढ्या वर्सांत कुनाला सुचलं न्हाई, तुमालाच कसं सुचलं?"

खाणवाले कंदील पेटवायला लागले.

त्यांच्या आईने त्यांना जरा बाजूला घेतलं. मी जवळच होते, म्हणून ऐकलं. ती म्हणाली, "अरे, सरळ सांग ना, देवीचा कोप आहे, आत जाऊ नका म्हणून. आत्ता ऐकतील."

"तसं मला माहीत नाही," ते म्हणाले.

"आणि पडणार हे तरी तुला कुठे माहीत आहे?"

ते कंदील घेऊन पायऱ्या उतरू लागले. मी मागून गेले, आणि माझ्यामागे आक्काही आली.

भुयारात थंडावा होता आणि ओल्या मातीचा वास. मला वाकावं लागलं नाही, त्यांना लागत होतं. दोन्ही बाजूंना तांबडी माती, हात लावला तर बोटाला रंग येत होता. टोकाशी एक म्हातारी मांडी घालून बसली होती आणि दगडाला वाटी लावून पाणी गोळा करत होती. वाटी भरायला पुष्कळ वेळ लागे. ती भरली की हळूच घागरीत ओतायची आणि पुन्हा लावायची. तिच्या डोक्याच्या बरोबर वर ती चीर होती.

खाणवाल्यांनी कंदील वर धरला. शेंदराचा थर बोटभर जाड झाला होता. आक्काने मागून सांगितलं, मंगळवारी नवा लेप दिला आहे. त्या नव्या लेपात केसाएवढी एक रेघ उमटली होती, बरोबर चिरेला धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते ती रेघ पाहत राहिले. नंतर मी वर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "खडक हलला असेल. किंवा शेंदूर वाळताना तडकला असेल. दोन्हींनी अशीच रेघ पडते."

"मग आता?"

"आता टेकू द्यायचे."

मला या दोन शब्दांचा अर्थ तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होता, कारण सगळा प्रबंध माझ्या हाताने लिहिला होता. टेकू दिल्यावर ते छत त्यांच्या कामाचं राहणार नव्हतं. दोन वर्षं ते जे मोजत होते, ते आधार नसलेल्या छताचं वाकणं होतं. आणि असं दुसरं छत मिळायला त्यांना फार दिवस लागले होते. विद्यापीठाची मुदत जवळ आली होती. प्रबंध मान्य झाला तर त्यांना खडकांवरच्या संशोधनाची नोकरी मिळायची होती, तिचं बोलणं झालेलं होतं. मी म्हटलं, "आणि मोजमाप?"

"ते इथपर्यंतच," ते म्हणाले, आणि पाटलांकडे लाकूड मागायला गेले.

लाकूड मिळणं सोपं नव्हतं. विहीर आटल्यामुळे मोट बंद होती, तिची उभी-आडवी लाकडं नुसती उन्हात तापत होती. पाटलांच्या पडक्या गोठ्याचे वासे होते. पण चांगलं लाकूड बिळात घालायचं, हे गावच्या पुरुषांना पटेना. "पाऊस पडला की मोट कशावर लावायची?" असं एक जण म्हणाला. "दगडाला टेकू आजवर कुनी दिलाय का रं?" दुसरा म्हणाला. खाणवाले छताचं वजन समजावून सांगू लागले. लोक त्यांच्याकडे पाहत होते आणि उन्हाने डोळे बारीक करत होते.

आक्का घागर ठेवून आली. "पाटील," ती म्हणाली, "देवीला मांडव नगो व्हय? उघड्यावर ठेवायची तिला?"

पाटील आक्काकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आदी बोलाय नगो?"

लाकडं निघायला लागली. खाणवाले मात्र उभे राहिले. त्यांच्या आईने त्यांच्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. 'हा मांडव नव्हे' असं ते म्हणतील, याची मला जवळजवळ खात्री होती. ते म्हणाले, "मांडव म्हणा. पण खांब मी सांगेन तिथे."

यावरूनही वाद झालाच. मांडवाला खांब चार, त्यांना अकरा हवे होते. शिवाय सगळ्यांत जाड खांब त्यांना बरोबर चिरेखाली पाहिजे होता, आणि तो देवीच्या तोंडासमोर येत होता. बायका हटून बसल्या. तिच्या तोंडाम्होरं खांब न्हाई. शेवटी खांब अकराच, पण चिरेच्या दोन्ही बाजूंना त्यांतले दोन जाड खांब आणि त्यांच्या माथ्यावर मोटेची आडवी तुळई, अशी तडजोड झाली. ते म्हणाले, हेही चालेल. मग थोड्या वेळाने म्हणाले, हेच बरं आहे. गावच्या सुताराने पाचरी तासून दिल्या, आणि खांब छताला घट्ट बसेपर्यंत खाणवाल्यांनी त्या स्वतः ठोकल्या. आम्ही पाटलांकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम उरकलं. बायकांनी खांबांना आंब्याचे टहाळे बांधले. एवढ्या उन्हाळ्यात ते कुठून आणले कोण जाणे.

निघताना त्यांनी आक्काला जवळ बोलावून सांगितलं, की ओलीत लाकूड कुजतं. म्हणून वर्षाला एक खांब बदलायचा. आणि नवा खांब पाचर ठोकून घट्ट बसल्याशिवाय जुना काढायचा नाही, काही झालं तरी.

"म्हंजी सून घरात रुळल्याबिगार सासूला हलवायचं न्हाई," आक्का म्हणाली.

"तसंच," खाणवाले म्हणाले. त्यांची आई हसली. ते हसले नाहीत, पण त्यांना ते पटलेलं दिसलं.

साताऱ्याला आल्यावर प्रबंधाचा शेवटचा भाग त्यांनी मला सांगितला. त्यात त्यांनी सरळ लिहवलं, की अमुक भेटीनंतर छताला टेकू दिले, म्हणून त्या छतावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. नाना ओसरीवरच पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला.

"एवढं लिहिलंच पाहिजे का?" नाना म्हणाले. "आकडे वाढतच होते ना? ते पडलंच असतं, असं लिहा. तिकडे वडूजला कोण बघायला जातंय."

"पडलं असतं की नाही, ते आता कुणालाच कळणार नाही," ते म्हणाले. "टेकू दिल्यावर ते कळत नाही. म्हणून तर आजवर हे काम कुणी पुरं केलेलं नाही."

नानांनी चष्मा पुन्हा लावला. मी ते वाक्य लिहिलं.

प्रबंध परत आला. परीक्षकांचं म्हणणं असं, की काम काळजीपूर्वक केलेलं आहे, पण छत पडलंही नाही आणि टिकेल असं सिद्धही झालं नाही. खाणवाल्यांनी ते वाचून मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे." संशोधनाची नोकरी दुसऱ्याला मिळाली. ते पुन्हा कोळशाच्या खाणीत गेले, आधीच्याच हुद्द्यावर. काही महिन्यांनी येऊन आईला घेऊन गेले आणि पेठेतली ती दोन खोल्यांची जागा रिकामी झाली. निरोप घ्यायला ते आमच्याकडे आले होते. उंबऱ्यात थांबले, वर पाहिलं, मग आत आले. माझं लग्न तोवर सांगलीला ठरलं होतं. माझ्या आईने त्यांना विचारलं, "पत्र पाठवाल ना?" ते काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखलं असेल. पत्र आलं नाही.

मी सांगलीला आले, संसार झाला, देश स्वतंत्र झाला, पेठेतली माणसं पांगली. खूप वर्षांनी तुमच्या आजोबांचे एक स्नेही त्या कोळशाच्या मुलखातून आले होते. मी त्यांना विचारलं, तिकडे कुणी साताऱ्याचे अधिकारी होते का, घरात शिरताना आधी वर पाहणारे. ते म्हणाले, "वहिनी, तिकडे सगळेच आधी वर पाहतात." पुढे मी कुणाला विचारलं नाही.

फोन झाला त्यानंतर तिसऱ्याच दिवशी तुमचा मामा जमिनीच्या कामासाठी वडूजला निघाला होता. मी त्याच्याबरोबर गेले. आता मोटार घाटात कुणाला उतरवत नाही. गावात नळ आले आहेत, पाण्यासाठी भुयारात कुणी जात नाही. विहीर आहे. मला पायऱ्या उतरवेनात, म्हणून मी काठावर बसले आणि मामा मोबाइलचा दिवा घेऊन आत गेला. काठावर एक मध्यमवयाची बाई शेळ्या राखत होती. मी तिला विचारलं, खाली काय आहे.

"आमची भुयारातली आई," ती म्हणाली. "लय जागृत हाय. नवरात्राच्या आदी दर वर्साला मांडवाचा एक खांब बदलायचा आसतुय. आवंदा आमच्या घराची पाळी हुती."

"ही चाल कुणी घातली?"

"कुनी म्हंजी? तिनंच की."

आक्काचं नाव तिला माहीत नव्हतं. साहेब कुणी आले होते हे तर नाहीच.

मामा वर आला आणि त्याने मला सांगितलं, ते लिहून थांबते. प्रबंधाची प्रत माझ्याजवळ नाही, विद्यापीठात असेल असं मला वाटत नाही. मोटेची तुळई कधीच गेली, त्या जागी आता लोखंडी रूळ आहे. छत जिथल्या तिथे आहे. खांब अकरा आहेत, त्यांतला एक यंदाचा, बाभळीचा. त्याची साल अजून निघालेली नाही.